ब्रिस्टलच्या चढावरची बाई

सन १९९३. तेव्हा माझं वय एकसष्ट.

भूत, करणी, देवऋषी, अंगात येणं... ह्यातलं मी काहीही मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला लिंबू-मिरचीवाला म्हातारा समजू नये. शिक्षण माझं चौथी. पण उभा जन्म ट्रक चालवलाय — कराडहून मुंबई, गोवा, हुबळी. आमच्या धंद्यात प्रत्येक घाटात एक बाई असतेच. पांढऱ्या साडीतली, गाडीला हात करणारी. खंबाटकीत आहे, आंबा घाटात आहे, आंबोलीत तर म्हणे दोन आहेत. ह्या सगळ्या घाटांत मी गाडी कडेला लावून झोपलोय. मला कधी कुणी बाई दिसली नाही. दिसले ते दुसरे ड्रायव्हर, तोंड उघडं टाकून घोरत पडलेले.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लोक असले अनुभव लिहितात ते मी वाचतो. हळू वाचतो, पण वाचतो. बरेचसे मला बनवलेले वाटतात. माझा तुम्हाला तसा वाटला तर वाटू दे. हे मी कुणाकडून तपासून घेतलेलं नाही, घरात कुणाला दाखवलेलंही नाही. शुद्धलेखन तुम्ही बघा.

माझा मुलगा श्रीकांत कार्डिफला हॉस्पिटलात डॉक्टर आहे. सून मृणाल, पुण्याची, ती पण डॉक्टर. त्या वर्षी उन्हाळ्यात मी आणि आमची मंडळी, म्हणजे श्रीकांतची आई सुमन, पहिल्यांदा इकडे आलो. इथं कळावं म्हणून नाव लिहिलं. एरवी मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं' आणि 'अहो', एवढ्यावर आमचा संसार झाला.

इकडे आल्यावर हिचं जेवण कमी झालं. आधी म्हटलं थंडीनं असेल, मग म्हटलं इथल्या पिठाच्या पोळ्या जात नसतील. मृणालच्या लक्षात आलं की ब्लाऊज सैल होत चाललेत. तपासण्या झाल्या. एका संध्याकाळी श्रीकांतनं मला गाडीत बसवलं, किल्ली हातातच ठेवली, आणि सांगितलं. पोटात गाठ आहे, पसरायला लागली आहे.

"आबा, ऑपरेशन केलं तर थोडी आशा आहे."

"थोडी म्हणजे किती?"

"थोडी म्हणजे थोडी. डॉक्टर म्हणून सांगता येईल, पण तुमचा मुलगा म्हणून माझ्या तोंडातून नाही निघायचं."

"करायचं," मी म्हटलं. "पोरगा डॉक्टर, सून डॉक्टर, एवढं मोठं हॉस्पिटल दारात, आणि आम्ही काय हात हलवत परत जायचं?"

हिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळं कळलं होतं. तिचं एकच पालुपद... "मला घरी न्या." घर म्हणजे कराडजवळ गावात आम्ही बांधलेल्या दोन खोल्या, मागं शेवगा.

"मला त्या पांढऱ्या खोलीत मरायचं नाही," म्हणायची. "तिथं शेवटी घोटभर पाणी मागितलं तर ते कुणाला समजेल?"

"मरायचा विषय काढू नकोस."

"बरं. मग घरी न्यायचा तुम्ही काढा."

रोज हेच. मी ऐकलं नाही. मी ऐकणाऱ्यांतला नव्हतो, आणि आशा थोडी का होईना, होती ना! ऑपरेशन सोमवारी ठरलं. रविवारी संध्याकाळी तिला ॲडमिट करायचं होतं.

मृणालच्या फ्रिजवर एक पोस्टकार्ड चिकटवलेलं होतं. खाली पाणी, पाण्यात बोटी, आणि वर डोंगराच्या उतारावर घरांच्या रांगा — गुलाबी, पिवळी, निळी, शेजारी शेजारी. ही रोज दूध काढताना त्याच्याकडे बघायची. एकदा विचारलं, तर मृणाल म्हणाली, "आई, हे ब्रिस्टल. इथून ट्रेननं तासाभरावर आहे." तेव्हापासून तिच्या मनात ते बसलं. श्रीकांत म्हणाला, शनिवारी मी गाडीनं नेतो. शनिवारी सकाळी त्याला वॉर्डातून फोन आला आणि त्याला जावं लागलं.

"आबा, पुढच्या वेळी जाऊ," तो बूट घालता घालता म्हणाला. आणि नाडी बांधता बांधता त्याचा हात थांबला. पुढची वेळ कुठली, ते त्यालाही कळलं असणार.

मी म्हटलं, "आम्ही ट्रेननं जातो. हुबळीला वीस टन साखर नेणाऱ्याला तू ब्रिस्टलची वाट सांगू नकोस."

"आई दमेल."

"दमले तर बसेन," ही आतून म्हणाली. पदर खोचून तयारच होती.

सप्टेंबर होता, स्वच्छ ऊन पडलेलं. स्टेशनच्या बाहेर बस घेतली. मी तिकिटं मागितली तर ड्रायव्हर — चांगला माझ्या वयाचा, मिशीवाला — हिच्याकडे बघून म्हणाला, "ऑल राइट, माय लव्हर?"

मी जागीच उभा राहिलो. मागचे लोक ढकलायला लागले म्हणून पुढं सरकलो. ही विचारते, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, ऊन छान पडलंय."

"मग तुमचं तोंड असं का झालं?"

पुढं कळलं की तिकडे सगळे सगळ्यांना तसंच म्हणतात, अगदी भाजी घेणाऱ्या म्हातारीलासुद्धा. पण ते तेव्हा कुठं माहीत? बंदरावर उतरल्यावर तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. ती इतकी हसली की पोट धरून कठड्यावर बसली. "चला," म्हणाली, "म्हातारपणी का होईना, कुणीतरी म्हणालं." हिला हसताना बघून किती दिवस झाले होते! मला वाटलं, सोमवार नीट पार पडणार.

बंदर बघितलं. बोटी, जुन्या क्रेन, दगडी धक्का. आणि भिंती... त्या शहरात भिंती म्हणजे नुसती चित्रं. पुलाखाली, गोदामांवर, घरांच्या आडबाजूला — फवाऱ्याच्या रंगानं काढलेली अक्षरं, राक्षस, माणसांची तोंडं. आमच्या गाडीच्या मागं पेंटर कमळ आणि घार काढायचा, त्याचे हौसेनं पैसे द्यायचो. इथं पोरं फुकट काढतात आणि पळून जातात म्हणे.

"ह्यांना कुणी रागवत नाही?" ही म्हणाली.

"रागवत असतील. रंग वाळल्यावर."

पोस्टकार्डावरची घरं खालून दिसत होती. "तिथं वर जायचं," तिनं सांगितलं. मी म्हटलं, चढ आहे. ती म्हणाली, दिसतोय मला. चढ साधा नव्हता. गाडी असती तर फर्स्ट गिअर टाकून, हात जोडून गेलो असतो. तिचं कोपर मी धरलं. ते मी खाली येईपर्यंत सोडलं नाही. एकदाच सोडलं, ते आता सांगतो.

अर्ध्या चढावर डाव्या हाताला एक जुनी भिंत होती आणि तिच्यावर एका बाईचा चेहरा काढलेला होता. नुसता चेहरा, माझ्या उंचीएवढा. निळा, काळा आणि पांढरा, एवढेच रंग. तांबडा कुठंही नाही, हे लक्षात ठेवा. केस दोन्हीकडे पसरलेले, डोळे सरळ समोर. त्या डोळ्यांत मला विशेष असं काही दिसलं नाही. चांगलं काढलं होतं, एवढंच.

ही थांबली. दम लागला म्हणून असेल असं मला वाटलं.

"कपाळ बघा की," ती म्हणाली. "मोकळं."

"इथल्या सगळ्यांचंच मोकळं असतं."

"तिच्या डोळ्यांवरून ती इथली वाटते का?"

तिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली. ही कधी टिकली लावायची नाही. आधी मेण, मग त्यावर कुंकू, रोज. कुठंही गेली तरी डबी बरोबर. भेटलेली बाई निघाली की तिला बोट लावायचं आणि तिच्याकडून लावून घ्यायचं, हे आपल्या बायकांचं हातातलंच काम. विचार करून करत नाहीत त्या.

"अगं, भिंत आहे ती," मी म्हटलं. "आणि तिचा नवरा कोण, समोरचा दिव्याचा खांब?"

"असेल. तुमच्यापेक्षा गप्प तरी उभा आहे."

तिथं मी तिचा हात सोडला. तिनं चवड्यांवर उभं राहून भिंतीला मेण लावलं, त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. गोल, नेटकं. मग तिनं काय केलं, तर स्वतःची मान थोडी पुढं झुकवली आणि डोळे मिटले. लावून घेताना बायका झुकवतात तशी. मी बघतोय हे कळल्यावर लाजली. "सवय हो," म्हणाली आणि डबी आत टाकली. मी पुन्हा कोपर धरलं.

वर एक बाक होता. तिथून सगळं बंदर दिसत होतं. तिला घाम आला होता. मी माझ्या रुमालानं तिचं कपाळ टिपलं, मधलं कुंकू सांभाळून. म्हणजे मी ते कपाळ जवळून बघितलंय. तिचं रोजचं कुंकू, बंद्या रुपयाएवढं, बाकी कपाळ स्वच्छ. रुमालही स्वच्छ. आम्ही बराच वेळ बसलो. आसपास कुणी नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "आता एकदाच म्हणते. मला घरी न्या."

"बरी झालीस की नेतो."

"बरी झाले तर इथंच राहीन की, तुमच्या पोराच्या पोळ्या लाटत. मी नाही होणार बरी. मला माझ्या पोटातलं कळतं. पोरगं मला कापायला देईल, नाही जमणार त्याच्या मित्रांना, आणि जन्मभर ते त्याच्या मनात राहील. त्याच्यावर तरी ही वेळ आणू नका."

मी म्हटलं, सोमवारी ऑपरेशन होणार म्हणजे होणार. तिनं पर्स उचलली. आम्ही उठलो.

उतरताना मी तिच्या एक पाऊल पुढं, बाजूला वळून, तिचं कोपर हातात. पडली तर माझ्यावर पडावी म्हणून. ती भिंत आली. मी बघितलं तर चित्रातल्या बाईचं कपाळ कोरं. कुंकू नाही, मेणाचा डागही नाही. मेणावर बसलेलं कुंकू असं झडत नाही, बायकांना विचारा. पण मला तेव्हा तो विचार आला नाही. मला उलट जिंकल्यासारखं वाटलं. "बघ," म्हटलं, "ठेवलं नाही तुझं कुंकू त्या बाईनं," आणि हिच्याकडे तोंड वळवलं.

तिच्या कपाळाला मळवट भरलेला होता.

इकडे वाढलेल्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मळवट म्हणजे अख्खं कपाळ कुंकवानं भरायचं. देवीला भरतात. आणि बाई नवऱ्याच्या आधी गेली, तर तिला घरातून शेवटचं बाहेर काढताना बायका भरतात.

भांगापासून भुवयांपर्यंत, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत. सांडल्यासारखं नाही, बोटांनी नीट सारवल्यासारखं. ओलसर. थोडं नाकाच्या शेंड्यावर पडलेलं, पडतं तसं.

 मी खिशातून रुमाल ओढला.

"पुसू नका," ती म्हणाली.

तिच्यासमोर आरसा नव्हता. तिथं काच नव्हती, पाणी नव्हतं, काही नव्हतं.

"काय... काय पुसू नको?"

"तिनं परत लावलं ते. गार लागलं मला." आणि अगदी साध्या आवाजात, शेजारणीबद्दल बोलावं तसं म्हणाली, "लावणारच. मी आधी लावलं होतं ना."

खाली उतरल्यावर कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं. आतली बाई आम्हाला बघून काउंटर सोडून पळत बाहेर आली. "ओ माय गॉड! माय लव्हर, इज दॅट ब्लड?" ब्लड मला कळलं. हिलाही कळलं. ही म्हणते, "नो ब्लड. कुंकू." त्या बाईनं बोट लावून बघितलं, बोटाला तांबडं लागलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. तिची नजर बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक झालं. मला एकट्याला दिसत नव्हतं.

त्यांच्या मोरीत हिनं स्वतःच तोंड धुतलं. "पोरगं घाबरेल," म्हणाली. पाणी तांबडं वाहिलं. टॉवेलानं तोंड पुसून तिनं डबी काढली आणि रोजचं गोल कुंकू लावलं. मी डबी तिच्या हातातून घेतली आणि बघितली. काठोकाठ होती, दोन बोटांचे खड्डे सोडून. मळवटाला मूठभर कुंकू लागतं.

ट्रेनमध्ये ती खिडकीशी बसली. एकदाच बोलली. "आता तुम्ही काय ते ठरवा. मी पुन्हा नाही म्हणायची."

आता पाच वर्षं झाली. मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय, माझं डोकं जेवढं चालतं तेवढा. भिंतीचा रंग लागला म्हणावं तर भिंतीवर तांबडा नव्हता, आणि रंगाचा वास मला ओळखू येतो. हा कुंकवाचा होता. येता-जाता कुणी चेष्टा केली म्हणावं तर कोपर माझ्या हातात होतं. तिनंच लावलं म्हणावं तर कशानं आणि कधी? मला भास झाला म्हणावं तर दुकानातली बाई तर आपल्या देवाधर्मातली नव्हती. पुढं दोन वर्षांनी मृणालला घेऊन मी त्या चढावर गेलो. पाय मोकळे करायला म्हणून. भिंत होती. तिच्यावर आता मोठी हिरवी अक्षरं होती, पोरं एकावर एक रंगवत जातात. मृणाल म्हणाली, "आबा, काय शोधताय?" म्हटलं, काही नाही.

ही गेली ती गावीच, दिवाळीच्या आधी, आमच्या दोन खोल्यांत. शेवटी पाणी मागितलं, ते मीच दिलं. बाहेर काढायच्या वेळी भावकीतल्या बायका जमल्या, त्यांनी मळवट भरला. सगळ्या रडत होत्या. मी नुसता बघत उभा राहिलो. भांगापासून भुवयांपर्यंत. थोडं नाकाच्या शेंड्यावर पडलेलं. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे.

श्रीकांतनं तेव्हा एकदाच विचारलं होतं, "आबा, तुम्हीच तर म्हणत होतात करायचं. एका रात्रीत काय झालं?" मी म्हटलं, तिची इच्छा. त्यानं पुन्हा विचारलं नाही. हिच्या मागं त्यानं मला इकडे आणलं, माझ्या गोळ्या तो वेळेवर देतो, हवापाण्याचं बोलतो. पण त्याला वाटतं की ऑपरेशन झालं असतं तर आई जगली असती, वर्ष, दोन वर्षं, जास्त सुद्धा. तो म्हणत नाही, पण त्याच्या आईचा फोटो पुसताना तो माझ्याकडे बघत नाही. तो हा अंक वाचतो. वाचू दे.

त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. जे मी जन्मात मानलं नाही, त्याच्या भरवशावर मी तुझ्या आईला ऑपरेशनवाचून परत नेलं. ते खरं असेल, तर सोमवारी काही होणार नव्हतं. आणि ते खरं नसेल तर... हे वाक्य मी रोज सुरू करतो, श्रीकांत. पुरं करता येत नाही. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. बरोबर होतं असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. ती बाई कोण, तिनं कुंकू हिला न्यायचं म्हणून लावलं की नुसती रीत म्हणून लावलं, हे मला कळलेलं नाही आणि आता कळायचं नाही.

ब्रिस्टलहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी सगळ्यांच्या आधी उठलो. कपाटावरची आमची मोठी बॅग खाली काढली, खाटेवर उघडली आणि हिच्या साड्या त्यात भरायला लागलो. उभ्या जन्मात मी साडीची घडी घातली नव्हती. ही जागी झाली, उशीला टेकून बसली, बघत राहिली. दारात श्रीकांत आला, रात्रीच्याच कपड्यांत.

"आबा, हॉस्पिटलला एवढं सामान नाही लागत."

"हॉस्पिटलचं नाही. तिकिटं बघ."

तो दाराला धरून उभा राहिला. ही उशीवरून पुढं सरकली. मला म्हणाली, "अहो, अशी चुरगाळून नका कोंबू. आधी उभी दुमडा, मग आडवी."

मी ती साडी बाहेर काढली, झटकली, आणि तिनं सांगितली तशी घडी घातली.